तेविसावा संदर्भ

इब्राहिमियाच्या ट्रामथांब्यामागे हाज्जा नबवीयाचं झेरॉक्सचं दुकान आहे. पुढे दोन मशिनं, शाळेच्या वह्या, रंगीत पुठ्ठे, आणि पडद्यामागच्या खोलीत कॉम्प्युटरपुढे अफाफ. अलेक्झांड्रियातल्या माशांचा अभ्यास करणाऱ्या कितीतरी प्राध्यापकांनी अफाफचं तोंड पाहिलेलं नाही, पण त्यांच्या लेखांची शेवटची पानं तिच्या हाताखालून गेलेली आहेत. कोणती गोष्ट कुणाच्या लेखातून घेतली, तो कोणत्या सालचा, कोणत्या पानावरचा, ही यादी प्रत्येक नियतकालिकाला आपापल्या पद्धतीनं लावून हवी असते. एकाला साल कंसात हवं, दुसऱ्याला अगदी शेवटी. एकाला नियतकालिकाचं नाव तिरप्या अक्षरांत, दुसऱ्याला सरळ. स्वल्पविराम चुकला की लेख परत. मासे चिरताना ज्यांचा हात थरथरत नाही ती माणसं स्वल्पविरामाला घाबरतात, म्हणून अफाफचं चालतं.

ती लोकांना आडनावंही देते. आपल्याकडे माणसाच्या नावामागून बापाचं, आज्याचं, पणज्याचं नाव चालत येतं. आडनाव असतं कुणाला? पण बाहेरच्या नियतकालिकांना ते लागतंच. एकदा तिनं एका डॉक्टरांना त्यांच्या आज्याच्या नावानं छापलं, तर ते दुकानात येऊन ओरडले, "त्या म्हाताऱ्यानं मला जन्मात एक खजूर दिला नाही, आणि माझं आयुष्यभराचं काम त्याच्या नावावर?" शेवटी पणज्यावर तडजोड झाली.

नवीन यादी हाती घेतली की अफाफ सगळ्यात आधी एक चाचणीची ओळ घालायची. खोटी ओळ. नाव, साल, लेख, परिषद, पानं, सगळे भाग असलेली. मजकुरातही एका वाक्यापाशी तिची खूण करायची. ही एक ओळ नीट बसली की बाकीची यादी तिच्यामागून मेंढरांसारखी रांगेत येते. मग शेवटी ती ओळ पुसून टाकायची. बावीस वर्षं ओळ एकच होती, कारण ती तिला झोपेतही पाठ होती: शेहाता, ल. १९८७. इद्कू सरोवरात बोईट माशाच्या पिल्लांचा प्रवेश. मत्स्य परिषदेचा अहवाल, पृ. ११२ ते ११९.

लबीब शेहाता म्हणजे तिचे वडील. इद्कूचं पाणी मादियापाशी जिथे समुद्राला मिळतं, त्या मुखावर त्यांची होडी असायची. होडीवर ११२ हा आकडा निळ्या रंगात लिहिलेला होता. १९८७ साली अफाफ शाळा पास झाली. वडिलांना स्वतःचं नाव वाचता येत नव्हतं.

सोमवारी सकाळी डॉ. शाहंदा पडदा सारून आत आली तेव्हा अफाफ बाकल्याच्या उसळीत पाव बुडवत होती.

"मॅडम अफाफ, तोंडातला घास खाली ठेव आणि मला वाचव."

"घास कसा खाली ठेवू डॉक्टर? गिळू तरी द्या."

शाहंदा खुर्चीवर धपकन बसली. प्राध्यापकपदासाठी तिचे लेख समितीपुढे होते. बारा वर्षं ती या एका दिवसाची वाट बघत होती, हे दुकानातल्या झेरॉक्स मशिनलासुद्धा माहीत होतं. तिनं पर्समधून एक कागद काढला.

"गुरुवारी समिती बसतेय. आणि समितीतला तो डॉ. गय्यार म्हातारा! माझ्या यादीतल्या पाच संदर्भांचे मूळ लेख आणून दाखव म्हणतोय. लाल पेन्सिलीनं खुणा केल्यात. आमच्यात ही जुनी खोड आहे, परीक्षक बोट ठेवतो आणि म्हणतो, दाखव, वाचलायस ना? चार मिळतील गं. एक मात्र कुठेच सापडेना. तू जमिनीतून उकरून काढशील, मला माहितीय."

अफाफनं ओला हात झग्याला पुसला आणि कागद घेतला. तेविसाव्या क्रमांकाभोवती लाल गोल होता.

शेहाता, ल. १९८७.

तिला पहिल्यांदा वाटलं, आपणच डोळे मिटून ते वाचतो आहोत. मग पावाचा घास अडकला आणि ती खोकायला लागली.

"काय झालं? ठसका लागला? हाज्जा, पाणी आण!"

"सापडेल," अफाफ म्हणाली. हे आपण का म्हणालो, ते तिला कळलं नाही.

"तुझ्या हाताला अल्ला बरकत देवो. नाहीतर माझं संपलं बघ. खोटा संदर्भ म्हणजे आमच्याकडे चोरीच. पद तर जाईलच, आहे ती नोकरीसुद्धा जाईल. आणि तुझं दुकान? लोक म्हणतील, जिच्याकडून करून घेतलं तिला विचारा."

हे ती हसत म्हणाली. गेलीसुद्धा.

अफाफ पडद्याआड बसून राहिली. नऊ वर्षांपूर्वीची ती दुपार तिला आठवली. शाहंदाच्या याच लेखाची यादी लावून झाली होती, चाचणीची ओळ तेवढी पुसायची राहिली होती आणि मादियाहून फोन आला, वडिलांना दवाखान्यात नेलंय. ती चपला शोधत होती तेव्हा हाज्जा म्हणाली होती, "पळ पोरी. एक बटण तर दाबायचंय, मी दाबते." अफाफ पोचेपर्यंत वडील गेले होते. मृत्यूचा चाळिसावा दिवस झाल्यावर ती कामावर परतली, तोवर लेख छापून आला होता. तो परत उघडून बघायचं तिच्या डोक्यातही आलं नाही. छापलेला लेख कोण उघडतं?

तिनं शोधायला सुरुवात केली. तिला वाटलं होतं, एका यादीत एक ओळ असेल. चौदा निघाल्या. शाहंदाच्या लेखातून ती एकानं उचलली होती, त्याच्याकडून दुसऱ्यानं. शाहंदानं दुसरीकडून लावून घेतलेल्या स्वतःच्याच पुढच्या तीन लेखांत ती होती. कुणीतरी पानं बदलून १२१ केली होती. आणि मन्सूरातल्या एका मुलीनं तर लिहिलं होतं, "शेहाता यांनी सविस्तर दाखवून दिल्याप्रमाणे."

वडिलांनी सविस्तर दाखवून दिलं होतं ते एवढंच, की जाळं कसं विणायचं.

पुढून हाज्जा ओरडली, "अफाफ! जिवंत आहेस का? उसळ गार झाली!"

"हाज्जा, त्या दिवशी तू बटण दाबलंस, आठवतंय?"

"कोणतं बटण? माझ्या आयुष्यात मी दोनच बटणं दाबली, एक मशिनचं आणि एक वॉशिंग मशिनचं."

अफाफनं विषय सोडला. हाज्जाला सांगणं म्हणजे ट्रामच्या भोंग्यावर लावणं.

घरी तिनं नवऱ्याला सांगितलं. फिक्री ट्रामवर तिकीट तपासनीस होता, आता निवृत्त. माणसं खोटं कशी बोलतात याचा त्याला तीस वर्षांचा अनुभव होता. तो जेवणाच्या टेबलावर मुळा सोलत बसला होता.

"करीमची आई, एवढ्याशा ओळीसाठी तोंड पांढरं केलंयस? सांग की, हरवला. परिषदेचं जुनं कपाट वाळवीनं खाल्लं. उंदरांनी खाल्लं. या देशात उंदरांवर कुणी अविश्वास दाखवत नाही."

"फिक्री, असली परिषदच झाली नव्हती."

त्याचा चाकू थांबला. "परिषदसुद्धा तूच भरवलीस?"

"मी."

"बापरे. निदान जेवण तरी दिलंस का लोकांना?" तो हसला. मग तिच्याकडे बघून हळू आवाजात म्हणाला, "आणि ती डॉक्टरीण? तिनं आपल्याच लेखातली यादी वाचली नव्हती?"

"कुणीच वाचत नाही. म्हणून तर मी आहे."

"मग गप्प बस. तिला सांगू नकोस. ती बुडताना तुझा पाय धरेल."

मंगळवारभर ती गप्प बसली. दोनदा फोन वाजला, दोनदा तिनं तो हाज्जाला उचलायला लावला आणि 'बाहेर गेलीय' म्हणायला सांगितलं. गिऱ्हाईकानं पडदा सारला की ती दचकून उठायची. रस्त्यावर कुणी 'शेहाता' अशी हाक मारली तर ती भिंतीला टेकून उभी राहायची. या गावात दर दहावा माणूस शेहाता आहे. संध्याकाळी तिला जाणवलं, की आपण रंगेहाथ पकडले जाऊ याच्याइतकीच दुसरी एक भीती आत बसली आहे. गुरुवारी चार माणसं टेबलाभोवती बसून म्हणणार, हा लबीब शेहाता कोण लबाड? आणि तिचे वडील, ज्यांनी दुसऱ्याच्या जाळ्यातला मासा कधी उचलला नाही, तिथे उत्तर द्यायला नसणार.

बुधवारी सकाळी ती शाहंदाच्या घरी गेली.

शाहंदा स्वयंपाकघरात भरण्यासाठी काकडीएवढाले कोवळे दुधी कोरत होती. उद्याच्या निकालानंतर सासर जेवायला येणार होतं. "ये ये! मिळाला ना? मला माहीत होतं. बस, चहा टाकते."

अफाफनं पलीकडची सुरी उचलली आणि एक दुधी कोरायला घेतला. हातात काहीतरी असल्याशिवाय तिला बोलता येईना. खाली बघत तिनं सगळं सांगितलं. चाचणीची ओळ, फोन, दवाखाना, बटण.

शाहंदानं हातातला दुधी खाली ठेवला.

"म्हणजे असा माणूस नाही?"

"माणूस होता. लेख नाही."

"मी त्याच्यावर वर्गात बोललेय, अफाफ!" ती किंचाळली. "दोन वर्षं! मुलांना सांगितलंय, शेहाता वाचा, जुना आहे पण सुंदर आहे! तू मला मारलंस. घरात शिरून मारलंस."

"मारलं," अफाफ म्हणाली. "मी समितीपुढे येऊन सांगते. माझी चूक."

"आणि ते विचारतील, तुमच्या लेखातली ओळ तुम्हीच वाचली नाहीत? काय सांगू? वाचली? तर मग खोटारडी. नाही वाचली? तर मग कशाची प्राध्यापक?" ती थांबली. सुरी खाली ठेवली. जवळ येऊन इतक्या हळू बोलली, की अफाफला तो आवाज किंचाळण्याहून भयंकर वाटला. "तूच कर ना तो."

"काय?"

"लेख. आठ पानं. तुला त्या काळचे अहवाल तोंडपाठ आहेत. टाइपरायटरची अक्षरं, वाकडा शिक्का, पिवळा कागद. मी मजकूर देते. झेरॉक्सचं झेरॉक्स काढलं की कुणाच्या बापाला कळणार नाही."

अफाफच्या हातातला दुधी पातळ होत होत फाटला. गंमत अशी, की तिला ते येत होतं. कोणता टाइप, समासात किती जागा, पानाचा आकडा वर की खाली, सगळं तिच्या डोळ्यांपुढे क्षणात उभंही राहिलं. आणि तेच बघून ती हादरली. आजवर घडलं होतं ते चुकून. हे चुकून नसणार होतं.

"नाही जमणार, डॉक्टर."

"का? देवभीरू झालीस एकदम?"

"देवाचं राहू द्या. मला तुमच्या गय्यारची भीती वाटते. आज आठ पानं केली तर उद्या तो मूळ अहवाल मागेल. परवा परिषदेचा फोटो. मी कुठवर पुरणार?" तिनं पिशवीतून एक कागद काढून टेबलावर ठेवला. नियतकालिकाच्या संपादकाला लिहिलेलं पत्र होतं: संदर्भ क्रमांक तेवीस अस्तित्वात नाही, तो यादी लावताना चुकून राहिला, कृपया वगळावा. "खाली माझं नाव घातलंय. सही मात्र लेखिकेची लागते."

शाहंदानं पत्र वाचलं. रडली. अफाफला दोन शिव्या दिल्या. तिच्या मेलेल्या बापालाही एक दिली, लगेच तोंडावर हात ठेवून माफी मागितली. मग ओले हात ओट्याच्या फडक्याला पुसून तिनं सही केली. "आज पाठवायचं नाही. उद्या आधी समितीला दाखवू. आणि तू बरोबर येतेयस. एकटी मरायला मी काही बकरी नाही."

गुरुवारी बाहेरच्या बाकावर अफाफ दीड तास बसली होती. दारापलीकडून आवाज यायचे, पण शब्द कळायचे नाहीत. एकदा मोठ्यानं कुणीतरी हसलं तेव्हा ती उठून दाराशी गेली आणि परत येऊन बसली. मग दार उघडलं. शाहंदा बाहेर आली नाही. डॉ. गय्यार आला. उंच, वाकलेला, हातात तेच पत्र. तो सरळ तिच्या शेजारी बाकावर बसला.

"तूच लबीबची मुलगी?"

नाव असं घेतलं जाईल याची तिला कल्पना नव्हती. "हो, डॉक्टर."

"मादियाच्या मुखावरचा. ११२ नंबरची होडी."

इतके दिवस ती भीत होती, की या माणसाला शेहाता कोण ते माहीत नाही. त्याला माहीत होतं. म्हणूनच त्यानं लाल गोल केला होता.

"त्याला लिहिता येत होतं?"

"नाही. अंगठा करायचे."

"मग कुणाला सांगून लिहून घेतलं असेल? एखादी वही? रेडिओवाले आले असतील, मत्स्यखात्याचे कुणी?"

"नाही, डॉक्टर. लेखच नाही. ती ओळ मी बनवलेली आहे. पत्रात सगळं लिहिलंय."

"नक्की?"

"नक्की."

"म्हणजे सत्त्याऐंशी साली त्यानं कुठेच काही छापलेलं नाही."

"कुठेच नाही."

त्यानं तिसऱ्यांदा विचारलं, "अगदी नक्की?" आणि तिनं मान हलवली तेव्हा त्याचे खांदे खाली आले. कपाळावरचा घाम त्यानं पत्रानंच पुसला आणि ते लक्षात आल्यावर पत्र झटकलं. अफाफ बघत राहिली. तीन दिवस तिनं आरशात जे बघितलं होतं ते या चेहऱ्यावरून उतरताना तिला दिसत होतं. हा कशाला घाबरला होता?

"चांगला माणूस होता," तो म्हणाला. "वारा कळायचा त्याला."

"पिल्लंही कळायची," अफाफ म्हणाली.

तो चष्म्याची काच पुसायला लागला. "पत्र पाठवून द्या. चूक माणसाकडूनच होते. डॉक्टर शाहंदांचं काम बाकी उत्तम आहे, मी सांगतो आत." उठता उठता त्यानं विचारलं, "चहा आणायचीस ती मुलगी तूच का?"

तेव्हा तिला आठवलं. लोकरीची टोपी घातलेला एक विद्यार्थी, दोरीला बांधलेला थर्मामीटर पाण्यात सोडून होडीच्या टोकाला बसलेला. दोन हिवाळे येत होता. वडील बोलायचे आणि तो लिहायचा.

शाहंदा प्राध्यापक झाली. बाहेर येऊन तिनं अफाफला मिठी मारली आणि दंडाला करकचून चिमटाही काढला. "जेवायला ये. पण माझ्या सासूसमोर माशांचं नाव काढू नकोस."

अफाफ जेवायला गेली नाही. दुकानात आली आणि 'गय्यार १९९१' उघडून बसली. हा संदर्भ तिनं दोनशे वेळा तरी लावला असेल. बोईटच्या पिल्लांवर लिहिणारा कुणीच त्याच्यावाचून पुढे जात नाही. साल, खंड, पानं सगळी तिला पाठ होती. लेख मात्र तिनं कधी वाचला नव्हता. आता वाचला. सहाव्या पानावर होतं: शेतातल्या बाकल्याला काळ्या डोळ्याची पांढरी फुलं येतात त्या सुमारास पिल्लं मुखातून आत शिरतात, असे प्रस्तुत लेखकाच्या प्रथमच निदर्शनास आले.

काळ्या डोळ्याची फुलं. घरात हे शब्द एकच माणूस वापरायचा.

तिनं खुर्ची मागे सरकवली. कुणाला सांगायचं? पुरावा काय, तर एक मेलेला अंगठाबहाद्दर आणि चहा आणणारी मुलगी. आणि ती मुलगी तीच, जिनं परवापर्यंत खोटी परिषद भरवली होती. गय्यारला तिनं स्वतःच्याच तोंडानं सांगितलं होतं: लबीब शेहाता यांनी कुठेही काही छापलेलं नाही. तिनं पत्र पाठवून दिलं. पाठवलं नसतं तर शाहंदाचं पद गेलं असतं.

रविवारी संपादकाचं उत्तर आलं. ते उघडताना तिनं हाज्जाला शेजारी उभं केलं.

"काय म्हणतोय मेला? तुरुंग?"

अफाफनं वाचलं. पुन्हा वाचलं. "म्हणतोय, वगळायचा संदर्भ आमच्या नव्या नियमांप्रमाणे लिहिलेला नाही. साल कंसात हवं आणि पहिलं नाव पूर्ण. दुरुस्त करून पुन्हा पाठवा, मग वगळू."

"जो नाहीच आहे तो नीट लिहून पाठवायचा?"

"हो."

"या लोकांना कामधंदा नाही," हाज्जा म्हणाली आणि मशिनकडे गेली.

अफाफनं कीबोर्ड जवळ ओढला. शेहाता, लबीब. कंस, १९८७, कंस पूर्ण. लेखाचं नाव सरळ अक्षरांत, अहवालाचं तिरप्या. पान ११२ ते ११९. शेवटचा पूर्णविराम देऊन तिनं ती ओळ डोळ्यांखालून घातली. इतकी बिनचूक ती कधीच लागली नव्हती. मग तिनं ती वगळण्यासाठी पाठवून दिली.

दुपारी नवीन लेख आला. नवीन नियतकालिक, नवीन पद्धत. चाचणीची ओळ लागणारच होती. तिची बोटं सवयीनं 'शे'वर गेली आणि थांबली. थोड्या वेळानं तिनं लिहिलं: गय्यार, रिफअत. १९९१. बाकीची यादी मुकाट्यानं त्याच्यामागे रांगेत आली. काम संपल्यावर तिनं ती ओळ पुसली, आणि तीनदा वर-खाली बघून घेतलं, खरंच गेली ना.